कागदाचे पैसे, माणसाचे पैसे आणि ‘वरचे’

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवर लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब चार दुकाने पालथी घालते, शालू उजेडात नेऊन बघते, शेवटी दोनशे रुपयांवरून उठून जाते आणि मग परत येऊन बसते. तेच कुटुंब टिळक पथावरून पैठण गेट, तिथून क्रांती चौक करत कोर्टकचेरीच्या कागदासाठी अदालत रोडला पोहोचले की गप्प होते. टेबलामागचा माणूस म्हणतो, ‘सगळं मिळून अठराशे,’ आणि आपण पाकीट काढतो. कशाचे किती, हे विचारायचे धाडस होत नाही. कागद अडला तर आपलेच काम अडेल, ही भीती.

अठराशे जास्त की कमी, हे आधी बाजूला ठेवू. त्यात कुणाचे किती, एवढे कळले की निम्मे काम होते. अशा प्रत्येक रकमेत दोन वाटे असतात: सरकारजमा होणारे पैसे आणि कागद करणाऱ्या माणसाच्या कष्टाचे पैसे. कधीकधी तिसरा वाटाही असतो, ज्याला ‘वरचे’, ‘चहापाण्याचे’ किंवा ‘साहेबांचे’ म्हणतात. पहिला वाटा ठरलेला असतो, त्यात घासाघीस होत नाही. दुसऱ्यात मोकळेपणाने बोलणी करावीत, पण ठरले की चोख द्यावेत. तिसरा द्यायचाच नसतो. म्हणून आकडा ऐकल्यावर एकच प्रश्न विचारा: ‘यातली पावती कितीची मिळेल?’ पावतीचा आकडा सरकारचा, उरलेला समोरच्या माणसाचा. हा हिशेब कागदावर लिहून मागितला तर सचोटीचा माणूस चिडत नाही. चिडलाच तर शेजारी दुसरे टेबल असते.

टेबलामागे कोण बसले आहे?

वकील नसलेला, पण कायद्याच्या कागदाचे काम जाणणारा माणूस म्हणजे पॅरालीगल. आपल्या शहरात तो एकाच रूपात भेटत नाही. वकिलाचा कारकून असतो, ज्याला जुने लोक अजून मुन्शी म्हणतात. टायपिस्ट असतो, मुद्रांक विक्रेता असतो, आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा असतो, नोंदणी कार्यालयाजवळचा एजंट असतो. आणि फार थोड्यांना ठाऊक असलेला विधी स्वयंसेवक असतो, जो आपल्याकडून एक रुपयाही घेत नाही. त्याच्याविषयी पुढे.

यांतला जाणता कारकून सोन्यासारखा. दावा कुठल्या खिडकीवर दाखल होतो, कुठली हरकत निघते, नकलेच्या अर्जात काय राहिले की तो परत येतो, हे त्याला नव्या वकिलापेक्षा जास्त कळते. त्या कष्टाचे पैसे घेण्याचा त्याला हक्क आहे. पण त्याची एक हद्द आहे. वकील अधिनियम, १९६१ प्रमाणे न्यायालयात दुसऱ्याची बाजू मांडण्याचे काम सनदधारक वकिलाचे. हक्क नसताना ते करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे ‘वकील कशाला, मीच बघतो तुमची केस,’ असे कुणी म्हणाले तर तिथून उठा. वकिलाने आपल्या फीमधला वाटा वकील नसलेल्याला देणेही बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, आणि दाव्यात मिळेल त्यातले इतके टक्के अशी फी ठरवणेही नाही. ‘आधी काही देऊ नका, जमीन सुटली की दहा टक्के द्या,’ हे वाक्य कितीही गोड वाटले तरी नियमाबाहेरचे आहे.

भाडेकरार: सर्वांत जास्त लागणारा आणि सर्वांत जास्त चुकणारा कागद

गुलमंडीच्या मागच्या गल्ल्यांत, औरंगपुऱ्यात, खडकेश्वरला वरच्या मजल्यावरच्या खोल्या नोकरदारांना आणि विद्यार्थ्यांना दिल्या जातात. ‘अकरा महिन्यांचा करा, म्हणजे नोंदणी लागत नाही,’ हा सल्ला इथे वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि पुढे वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते आधी खरे धरले जाते. खोटे ठरवण्याचे काम मालकाचे. पाचशेच्या मुद्रांकावर टाइप करून नोटरीचा शिक्का मारलेला करार घरमालकाला निर्धास्त करतो, पण त्याने कलम ५५ ची अट पूर्ण होत नाही.

आता हिशेब. समजा दोन खोल्या, भाडे महिना ८,०००, परत करायची अनामत ३०,०००, मुदत ११ महिने. एकूण भाडे ८८,०००. अनामतीवर सरकार वर्षाला १० टक्के व्याज धरते, ते ११ महिन्यांचे २,७५०. बेरीज ९०,७५०. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे २२७ रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,०००, ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणीचे शुल्क वेगळे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर माहिती भरली की भरायचा अंतिम आकडा समोर येतो. तो स्वतः एकदा बघून ठेवा. म्हणजे सरकारचे साधारण सव्वा बाराशे आणि वर हाताळणी. कुणी या कराराचे साडेतीन हजार सांगितले तर उरलेले जवळपास दोन हजार त्याचे, हे लगेच दिसते. तो घरी येऊन दोन्ही पक्षांचे आणि साक्षीदारांचे अंगठे घेणार असेल, मसुदा नीट वाचून दाखवणार असेल, तर ती रक्कम द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. नुसता जुना मसुदा काढून नावे बदलणार असेल तर मात्र बोलणी करा. हे काम आधार आणि अंगठ्याच्या यंत्रावर घरबसल्या स्वतःही करता येते. पहिल्यांदा वेळ जातो, पुढच्या वर्षी जात नाही.

मसुद्यात एक ओळ तपासाच: अनामत किती दिवसांत परत आणि कशाची वजावट करून. भांडणे बहुधा त्याच ओळीवरून होतात आणि नेमकी तीच ओळ मोघम असते.

पाचशेचा मुद्रांक कुठे लागतो आणि कुठे उगाच लावतात

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात शंभर आणि दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर होणारी बरीच कामे पाचशेवर गेली. तेव्हापासून ‘पाचशेचा आणा’ हे पालुपद झाले. पण सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क राज्य सरकारने १ जुलै २००४ च्या आदेशानेच माफ केले आहे. जातीचा दाखला, उत्पन्न, रहिवास, राष्ट्रीयत्व, सगळे त्यात आले. दर पाचशे झाल्यावर पालकांकडून ते सर्रास वसूल होऊ लागले, तेव्हा मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांना ही माफी पुन्हा जाहीर करावी लागली. शिवाय २०१५ पासून बहुतेक दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचे स्वघोषणापत्र आणि स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती चालतात. जूनमध्ये प्रवेशाच्या धांदलीत मुलाचा हात धरून उभ्या असलेल्या आईला कुणी पाचशेचा कागद विकत असेल, तर तिने विचारावे, ‘कुठल्या नियमाने?’ उत्तर मिळाले नाही तर अर्ज स्वीकारणाऱ्या खिडकीवर जाऊन खात्री करावी.

जिथे मुद्रांक खरेच लागतो तिथे तो छापील किमतीलाच मिळायला हवा. विक्रेत्याला कमिशन सरकार देते. पाचशेचा कागद पाचशे वीसला घेऊ नका. कागदाच्या मागे तुमचे नाव, तारीख आणि अनुक्रमांक आहे का बघा, विक्रेत्याच्या वहीत सही करा. मागच्या तारखेचा कागद कुणी देऊ केला तर तो स्वस्त नसतो. पुढे दस्ताविषयी पहिली शंका तिथूनच निघते. आणि घेतलेला मुद्रांक सहा महिन्यांत वापरला नाही तर बाद होतो, म्हणून ‘असू दे घरात’ म्हणून दोन जादा घेऊन ठेवू नका.

नोटरीचे दर केंद्र सरकारच्या नोटरी नियमांत ठरलेले आहेत. दराचा फलक कार्यालयाच्या आत आणि बाहेर दिसेल असा लावणे आणि घेतलेल्या पैशांची पावती देणे, दोन्ही नोटरीवर बंधनकारक. दाटीवाटीच्या टेबलावर फलक शोधूनही सापडत नाही, ही गोष्ट वेगळी. सही मात्र नोटरीसमोर करायची आणि त्याच्या नोंदवहीतही करायची. ‘आधार पाठवा व्हॉट्सअॅपवर, शिक्का मारून ठेवतो,’ असा कागद जितक्या सहज मिळतो तितक्याच सहज न्यायालयात पडतो. प्लॉट किंवा घर नोटरीच्या कागदावर विकत घेणे तर सोडूनच द्या. त्याने मालकी मिळत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागते. शहराच्या कडेच्या वस्त्यांत लोकांनी आयुष्यभराची कमाई अशा कागदांवर घातली आहे.

मृत्युपत्राचेही तसेच. त्याला मुद्रांक लागतच नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्या दोघांनीही सही केली की झाले. साक्षीदार शक्यतो ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या. नोंदणी ऐच्छिक आहे, करायची तर शुल्क १०० रुपये. मराठवाड्यात मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे नाही. म्हणून ‘मृत्युपत्राचे पॅकेज’ असा शब्द कानावर आला तर त्यातले शंभर सरकारचे आणि बाकीचे सगळे मसुद्याचे, हे लक्षात ठेवून बोलणी करा. मालमत्ता गुंतागुंतीची असेल, पहिल्या लग्नाची मुले असतील, तर मसुदा वकिलाकडूनच करून घ्या आणि ते पैसे कुरकुर न करता द्या.

बाकीची छोटी कामे झटपट सांगतो. डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ किंवा फेरफार प्रत्येकी १५ रुपये. त्यावर तलाठ्याच्या सहीशिक्क्याची गरज नाही. महापालिका हद्दीतले मालमत्ता पत्रक १३५. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी तिकिटावर, पहिले अपील २० च्या, माहितीच्या प्रतींना पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना अर्जाचे शुल्क माफ. अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. खटल्याची पुढची तारीख बघायला काही लागत नाही: सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये टाकला की तारीख, आदेश सगळे दिसते. तरीही ‘तारीख काढून देण्याचे’ पैसे देणारे लोक आहेत. नोटीस पाठवायची असेल तर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झाले आहे. ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये, बाहेरगावी ४७, नोंदणीचे ५ आणि वर जीएसटी. पोहोच मागायला विसरू नका.

गुलमंडीत घेतलेला कूलर आठ दिवसांत बंद पडला आणि दुकानदार दाद देत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला वकील लागत नाही. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. पाच ते दहा लाखांपर्यंत २००, दहा ते वीसपर्यंत ४००, वीस ते पन्नासपर्यंत १,०००. तक्रारीची मुदत दोन वर्षे. ‘ई-जागृती’वर घरून दाखल करता येते. खर्च येतो तो टायपिंग, झेरॉक्स आणि सोबतच्या प्रतिज्ञापत्राचा. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करून बघा. बरीच दुकाने तेवढ्यावर नरम येतात. निकाल विरोधात गेला तर अपिलासाठी मुंबईला जावे लागत नाही, राज्य आयोगाचे परिक्रमा खंडपीठ आपल्याच शहरात बसते.

घरातले उर्दू कागद

इथे गुलमंडीचा प्रश्न पुण्या-नाशिकपेक्षा वेगळा आहे. निजामाच्या राज्यात न्यायालयाचा आणि महसुलाचा कारभार उर्दूत चालायचा. त्यामुळे जुन्या वाड्यांचे बैनामे, किरायानामे, वाटणीचे कागद अजून कपाटात उर्दूत पडून आहेत. वारसांत वाद झाला किंवा बँकेने मालकीची साखळी मागितली, की भाषांतरकार शोधण्याची धावाधाव. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हापासून उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली आणि दरही चढले.

या कामाला ठरलेला दर नाही, पण ठरवण्याची पद्धत आहे. पानाच्या हिशेबाने ठरवू नका. शिकस्ता वळणात घाईने लिहिलेले एक पान छापील दहा पानांपेक्षा जड असते. संपूर्ण दस्ताचा एक आकडा ठरवा. मूळ कागद हातातून सोडायचा नाही, स्वच्छ फोटो द्यायचे. इसार म्हणून थोडे पैसे देऊन आधी तोंडी सार सांगायला लावा: विकणारा कोण, घेणारा कोण, रक्कम किती, तारीख कोणती. बऱ्याचदा एवढ्यावरच कळते की हा कागद तुमच्या घराचा नसून शेजारच्या दुकानाचा आहे, आणि पुढचा खर्च वाचतो.

भाषांतर हाती आले की दोन गोष्टी स्वतः पडताळा. एक, तारीख. कागदावर फसली सन असेल तर साधारण ५९० मिळवायचे. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. भाषांतरात १९५८ लिहिले असेल तर भाषांतरकाराने अंदाजाने ठोकले आहे. दोन, चतुःसीमा. मशरिक पूर्व, मगरिब पश्चिम, शुमाल उत्तर, जुनूब दक्षिण. कागद घेऊन घरासमोर उभे राहा आणि रस्ता कुठल्या अंगाला लिहिला आहे ते बघा. पूर्व-पश्चिम उलटी झाली तर समोरचा वकील तेवढ्यावर तासभर बोलेल. शेवटी, भाषांतर खरे असल्याबद्दल भाषांतरकाराची सही आणि पूर्ण नाव घ्या. वेळ पडली तर साक्षीला याल का, हेही पैसे देण्यापूर्वीच विचारा. पुष्कळ जण नाही म्हणतात.

जिथे काहीच लागत नाही

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळतो याची यादी आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक, आपत्तीग्रस्त. यांना उत्पन्नाची अट नाही. पुन्हा सांगतो: स्त्रीचे उत्पन्न कितीही असो, तिला मोफत वकील मिळू शकतो. बाकीच्यांसाठी राज्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये. या मदतीत नुसता वकील नसतो. कोर्ट फी, तलबाना (समन्स बजावण्याचे शुल्क), मसुदा, टायपिंग, नकला आणि गरज पडली तर भाषांतरही त्यातच येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. फोन १५१००, देशभर एकच.

याच प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक म्हणजे कायद्याने घडवलेले आपले पॅरालीगल. २००९ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने ही योजना आणली. अर्ज लिहून देणे, कुठल्या कार्यालयात जायचे ते सांगणे, पोलीस ठाण्यात किंवा तुरुंगात अडकलेल्याच्या घरच्यांना प्राधिकरणापर्यंत पोहोचवणे, हे त्यांचे काम. गळ्यात प्राधिकरणाचे ओळखपत्र असते, मानधन प्राधिकरण देते. त्यांच्यापैकी कुणी पैसे मागितले तर सचिवांकडे तक्रार करा. ते न्यायिक अधिकारी असतात.

लोकअदालतीतही शुल्क नाही. चालू दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि हजारोंची कोर्ट फी भरलेल्यांना ही मोठी रक्कम असते. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून दबावाखाली सही करू नका.

घरात बारावी झालेले, कायदा शिकणारे किंवा निवृत्त झालेले कुणी असेल आणि या कामाची आवड असेल, तर प्राधिकरण वेळोवेळी स्वयंसेवकांसाठी अर्ज मागवते, निवड करते आणि प्रशिक्षण देते. ते फुकट असते. पण ती नोकरी नाही. ज्या दिवशी काम दिले जाईल त्या दिवसाचेच मानधन. त्यावर घर चालत नाही. घर चालवायचे असेल तर वकिलाकडे कारकुनी धरावी लागते. तिथला पगार बोलीवर ठरतो. कारकुनांसाठी केरळने २००३ मध्ये कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा केला. आपला कारकून म्हातारपणी वकिलाच्या भल्या मनावरच अवलंबून. म्हणून मी त्याच्या दोनशे-तीनशे रुपयांत फार ताणत नाही. हजारोंचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम ‘पॅरालीगल झाल्यावर नोकरीची हमी’ म्हणून विकले जातात, त्यांच्या बाबतीत मात्र जरूर ताणावे: ते प्रमाणपत्र म्हणजे सनद नव्हे, आणि कुठल्याही न्यायालयात उभे राहण्याचा हक्क त्याने मिळत नाही.

तक्रारीचे पत्तेही सांगून ठेवतो. मुद्रांक विक्रेता जादा घेत असेल तर सह जिल्हा निबंधक तथा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे. सेवा केंद्राने दरफलकापेक्षा जास्त घेतले तर जिल्हाधिकारी कार्यालयात, पावती जोडून. वकिलाबद्दल असेल तर महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडे. आणि आवारात हात धरून ‘अमुक वकिलाकडे चला, साहेब आपलेच आहेत,’ म्हणणाऱ्या दलालांसाठी वकील अधिनियमात ४५-अ हे नवे कलम आले आहे, ३० सप्टेंबर २०२४ पासून लागू: तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दलालांची यादी करून ती न्यायालयात लावण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आणि जिल्हा न्यायाधीशांना आहे. जिल्हा न्यायालयात गेलात तर फलकावर अशी यादी लागली आहे का, ते जाता-येता बघून घ्या.